गावात एक, देशात लाखो

मराठी माणसाला आयुष्यातला पहिला म्युलर भेटतो तो इमारतीच्या रूपात. पुण्यात जर्मन शिकायला जाणारी मुलं ‘मॅक्सम्युलरला चाललोय’ असं सांगतात, आणि त्यांचा सूर ‘मंडईत चाललोय’ म्हणण्याहून वेगळा नसतो. मॅक्स म्युलर नावाचा एक गृहस्थ होऊन गेला, त्याला भरघोस कल्ले होते आणि त्याने अख्खा ऋग्वेद छापून काढला, हे पुष्कळांना सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत कळत नाही. काहींना पडल्यावरही कळत नाही. मात्र या मंडळींच्या हातून नकळत एक न्याय झाला आहे. ‘मॅक्स’ आणि ‘म्युलर’ ही दोन नावं त्यांनी एका दमात जोडून टाकली, आणि त्या गृहस्थाची नेमकी तीच इच्छा होती. का, ते पुढे येईलच. आधी म्युलर हे काय प्रकरण आहे ते पाहू.

म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव. स्वित्झर्लंडमध्येही पहिला नंबर त्याचाच. जर्मनीतल्या म्युलरांची संख्या लाखांत मोजावी लागते. उच्चार मात्र आपल्या तोंडाला सहजी वळत नाही. ‘उ’ म्हणायचा म्हणून ओठांचा चंबू करायचा आणि चंबू तसाच ठेवून आतून ‘इ’ म्हणायचं. पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्याचा चेहरा गरम चहा फुंकणाऱ्यासारखा होतो. आणि एवढी कसरत करून हाक मारायची कुणाला, तर गिरणीवाल्याला. म्युलर म्हणजे गिरणीवाला.

इथे कुणालाही शंका येईल. एका देशात इतके गिरणीवाले? मग धान्य पिकवत कोण होतं आणि भाकरी खात कोण होतं? सगळा देश काय दळत बसला होता?

खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. म्युलर इतके झाले, कारण गिरणीवाला गावात एकच असायचा.

साधारण बाराव्या शतकापर्यंत जर्मन माणसाचं एका नावावर भागत असे. ते एक नावही आईबाप फार शोधाशोध करून ठेवत नसत. जो तो हाइनरिश नाहीतर कोनराड. या दोन नावांची इतकी गर्दी झाली की त्यांच्या घरगुती रूपांची जोडी, ‘हिन्त्स आणि कुन्त्स’, आजही जर्मन भाषेत सोम्यागोम्या याच अर्थाने वापरली जाते. पुढे शहरं वाढली. कर गोळा करायचा, जमिनीची नोंद ठेवायची, कर्ज वसूल करायचं तर नुसता हाइनरिश पुरेना. सरकारला माणूस ओळखायची गरज पडते ती बहुधा त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं असतं तेव्हाच. मग दप्तरात नावापुढे खूण पडू लागली. टेकडीवरचा हाइनरिश, लाल केसांचा हाइनरिश, गिरणीतला हाइनरिश. खूण बापाकडून मुलाकडे गेली की तिचं आडनाव झालं. ही लाट आधी दक्षिणेकडच्या आणि ऱ्हाइनकाठच्या शहरांत आली, मग सावकाश खेड्यांकडे सरकली. उत्तरेला समुद्रकाठच्या फ्रिसलंडमधले लोक इतके निवांत की त्यांना कायमचं आडनाव घ्यायला लावण्यासाठी १८११ साली नेपोलियनच्या राजवटीला हुकूम काढावा लागला. अर्ध्या युरोपशी लढाया चालू असताना नेपोलियनने फ्रिसलंडच्या आडनावांत लक्ष घालायला वेळ काढला, यावरून हा कारकुनी विषय राजांना किती छळतो ते दिसतं.

आता खुणेचा नियम साधा असतो. जी गोष्ट सगळ्यांत आहे ती खूण होत नाही. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे ‘शेतकरी हाइनरिश’ म्हणून कुणी ओळखू येत नाही. म्हणून शेतकरी या अर्थाचं ‘बाउअर’ हे आडनाव, देशात शेतकरी सर्वाधिक असूनही, बरंच खाली राहिलं. गिरणीवाला मात्र गावात एकच. ‘गिरणीतला’ म्हटलं की दुसरा कुणी डोळ्यांपुढे येणंच शक्य नाही. अशी हजारो गावं, प्रत्येक गावात हा एकुलता एक, आणि प्रत्येक एकाची पोरंबाळं. शे-दोनशे वर्षांनी बेरीज केली तेव्हा कळलं की एकुलत्या एकांचीच जत्रा भरली आहे.

हा हिशेब मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. पाटील गावचा एक, कुलकर्णी गावचा एक. म्हणून तर आज कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर एका पानात तीन पाटील आणि दोन कुलकर्णी असतात. गावात मानाने एकटे असणाऱ्यांची पुढे शहरात अशीच गर्दी होते.

मग आपल्याकडे गिरणीवाल्याचं आडनाव का नाही? बारा बलुतेदारांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी आहे, परीट आहे, दळणारा नाही. कारण दळण घरोघर जात्यावर होत होतं आणि ते पहाटे उठून बायका करत होत्या. जर्मन खेड्यात तेच काम ओढ्याच्या पाण्याने आणि एका पुरुषाने केलं, तर त्याचं देशातलं पहिल्या नंबरचं आडनाव झालं. आपल्याकडे प्रत्येक घरात शेकडो वर्षं ते काम झालं आणि त्यातून ओव्या निघाल्या, आडनाव एकही निघालं नाही. बायकांच्या कामावरून आडनावं पडत असती तर महाराष्ट्रात निम्मे लोक दळणे आणि उरलेले पाणीभरे असते.

पहिला नंबर मिळवणाऱ्या या गिरणीवाल्याला गावात मान होता म्हणावं, तर तेही नाही. गिरणी ओढ्याकाठी, म्हणजे बहुधा गावाबाहेर. तिथे रात्री-अपरात्री चाक फिरणार, घरघर चालणार. त्यामुळे भुताखेताचे आणि सैतानाचे व्यवहार तिथेच चालतात अशी लोकांची खात्री. त्यात भर म्हणजे सक्ती. गिरणी जहागीरदाराच्या परवानगीची, आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी नेमून दिलेल्या गिरणीतच दळलं पाहिजे असा दंडक. प्रशियात ही सक्ती उठायला १८१० साल उजाडलं. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोय नाही म्हटल्यावर दुकानदाराचा स्वभाव कसा होतो, ते सांगायला नको. मजुरी पैशांत नसे. दळायला आलेल्या धान्यातलाच ठरलेला वाटा गिरणीवाल्याने काढून घ्यायचा, आणि माप त्याच्याच हातात. आपल्याकडे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. जर्मनीत दळणारा चांगला डोळस होता, आणि पीठ तोच खातो अशी सगळ्या गावाची समजूत होती.

या समजुतीचा त्रास त्याच्या पोरांना झाला. पुष्कळ ठिकाणी गिरणीवाला अप्रतिष्ठित धंद्यांत मोजला जाई, आणि कारागिरांचे संघ त्याच्या मुलांना दारात उभं करत नसत. काही भागांत तर फाशी द्यायची असली की वधस्तंभासाठी शिडी पुरवण्याचं काम गिरणीवाल्याकडे. अखेर १५४८ साली साम्राज्याच्या नियमावलीत स्पष्ट लिहावं लागलं, की विणकर, मेंढपाळ, जकातदार, न्हावी, गिरणीवाले यांच्या मुलांना संघांनी घ्यावं. जकातदाराच्या शेजारी गिरणीवाल्याला बसवलं आहे, यावरून लोकमताचा अंदाज यावा.

पण रांगेला याच गिरणीवाल्याने शिस्त लावली. तेराव्या शतकात आइके फॉन रेपगोव्ह याने सॅक्सनीच्या रूढींचा कायदाग्रंथ लिहिला. त्यात गिरणीचा नियम आहे : जो आधी पोचला त्याचं दळण आधी. आज जर्मन माणूस सिनेमाच्या तिकिटापासून समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्चीपर्यंत हेच वाक्य ऐकवतो. आपणही चक्कीवर डबा ठेवून नंबर लावतो, पण आपल्याकडे डब्याचा मालक आणि चक्कीचा मालक यांची ओळख असेल तर कायद्याचा अर्थ लवचीक होतो.

लोककथांनीही या माणसाला सोडलं नाही. ग्रिम बंधूंच्या एका प्रसिद्ध गोष्टीत एक गिरणीवाला राजापुढे थाप मारतो, की माझी मुलगी गवताच्या काड्यांपासून सोनं कातते. पोरगी बिचारी अडकते. एक बुटका तिला सोडवतो आणि मोबदल्यात तिचं पहिलं मूल मागतो. सुटायचं असेल तर तीन दिवसांत त्याचं नाव ओळखायचं. त्याचं नाव निघतं रुम्पेलश्टिल्टसखेन. गोष्ट रंगली ती यामुळेच. बुटक्याचं नाव म्युलर असतं तर पहिल्या मिनिटालाच आटोपली असती.

आता नंबरांचं थोडं राजकारण पाहू. म्युलरच्या पाठोपाठ येणारे श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमार. लोहारही गावोगाव होताच. मग तो मागे का पडला? फाटाफुटीमुळे. श्मिटांच्यात शेवटी डी-टी लावणारे आहेत, नुसता डी लावणारे आहेत, दोन टी लावणारे आहेत आणि कोलोनच्या बाजूला टी-झेड लावणारे आहेत. मायर या आडनावाचे तर ए-आय, ए-वाय, ई-आय, ई-वाय असे गट पडले आहेत, आणि एका गटाचा मायर दुसऱ्या गटाचं स्पेलिंग चुकूनही खपवून घेत नाही. मोजणी करणारे प्रत्येक स्पेलिंग वेगळा पक्ष धरतात. सगळे लोहार एका चिन्हावर उभे राहिले तर म्युलरांना आसन टिकवणं जड जाईल. पण तसं होत नाही. मतविभागणीचा फायदा घेऊन पहिला येण्याची कला युरोपातही चांगली रुजलेली दिसते.

तसे म्युलरांतूनही काही फुटले. उत्तरेकडे त्यांचे म्योलर झाले. बव्हेरिया आणि श्वाबेनकडे त्यांचे मिलर झाले. या मिलरांपैकी ऑस्कर फॉन मिलर हा इंजिनिअर म्युनिकच्या ‘डॉयचेस म्युझियम’ या अवाढव्य विज्ञान-संग्रहालयाचा संस्थापक. त्याने वाल्खेन सरोवराच्या पाण्यावर १९२४ साली सुरू झालेलं वीज केंद्रही उभारलं. म्हणजे पूर्वजांनी पाण्यावर चाक फिरवून पीठ काढलं, याने वीज काढली. घराण्याचा धंदा तसा बदलला नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात शिकलेल्या म्युलरांना आपलं आडनाव फार पिठाळ वाटू लागलं, तेव्हा त्यांनी ते लॅटिनमध्ये नेऊन स्वतःला मोलिटोर किंवा मिलिउस करून घेतलं. बाप गिरणीवर आणि मुलगा लॅटिनमध्ये, हा प्रकार तेव्हापासूनचा.

मग म्युलर समुद्र ओलांडून गेले. अमेरिकेत आज मिलर हे आडनाव पहिल्या दहांत आहे. त्यात इंग्रज गिरणीवाले आहेतच, पण मूळचे म्युलरही खूप आहेत. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी माणसाचं नाव तिथल्या कारकुनाने परस्पर बदलून टाकलं, असा किस्सा अमेरिकेत घरोघर सांगतात. प्रत्यक्षात कारकून जहाजाकडून आलेली यादी पुढ्यात धरून खुणा करत बसायचे. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, हळूहळू, शेजारच्यांना उच्चार सांगून सांगून थकल्यावर. पहिल्या महायुद्धात तर जर्मन नावाची दहशतच बसली. अमेरिकेत कोबीच्या जर्मन लोणच्याला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणू लागले, आणि इंग्लंडच्या राजाने १९१७ साली आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ लावलं. राजाची ही गत, तिथे गिरणीवाल्याने आडनावातल्या ‘यू’ अक्षरावरची दोन टिंबं उतरवून ठेवली यात नवल नाही. ज्यांनी जुनं आडनाव टाकलं नाही त्यांचा उच्चार गेला. रॉबर्ट म्युलर यांचं आडनाव अमेरिकेत ‘मलर’ असं उच्चारतात. जर्मन भाषेत श्रीयुतला ‘हेर’ म्हणतात, आणि हे गृहस्थ २००१ ते २०१३ एफबीआयचे प्रमुख होते. म्हणजे मराठीतून पाहिलं तर हेर म्युलर अगदी योग्य जागी बसले होते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही एक म्युलर उतरला. फादर ऑगस्टस म्युलर या जर्मन जेझुइटांनी १८८० साली मंगळूरच्या कंकनाडीत होमिओपथीचा दवाखाना सुरू केला. त्याचं आज मोठं रुग्णालय झालं आहे आणि ‘फादर मुल्लर’ म्हणूनच ते ओळखलं जातं. म्युलरांच्या नशिबी भारतात इमारत होणं लिहिलेलंच दिसतं.

पण सगळ्यांत मार्मिक म्युलर गेला ब्राझीलला. फ्रिट्स म्युलर हा निसर्गशास्त्रज्ञ १८५२ साली ब्लुमेनाउ या जर्मन वसाहतीत जाऊन राहिला. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. जंगलात त्याच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या जातींची फुलपाखरं, सगळी चवीला कडू, दिसायला मात्र एकसारखी. १८७८ साली त्याने कारण मांडलं. पक्ष्याला ‘हे खाऊ नये’ हा धडा शिकवताना काही फुलपाखरांचा बळी जातो. सगळ्या कडू जाती एकसारख्या दिसल्या तर एकच धडा सगळ्यांना पुरतो आणि बळींची वाटणी होते. जीवशास्त्रात याला म्युलरी अनुकरण म्हणतात. एकसारखं असण्यात संरक्षण असतं, हा सिद्धांत म्युलर आडनावाच्याच माणसाला सुचावा यात योगायोग कमी आणि अनुभव जास्त असावा. जकातदार, पोलीस आणि सावकार यांना चुकवायला म्युलर असण्यासारखी सोय नाही.

मात्र चुकवायचं नसेल, उलट ओळखू यायचं असेल, तर पंचाईत. जे आडनाव गावात एकट्याला वेगळं दाखवण्यासाठी पडलं, त्याच आडनावाचा माणूस देशात कुणालाच वेगळा दिसेनासा झाला. सामान्यातल्या सामान्य बाईला जर्मन लोक ‘लीसखेन म्युलर’ म्हणतात. मग म्युलरांनी पुन्हा एकदा खुणा शोधायला सुरुवात केली.

आता आपल्या मॅक्सकडे वळता येईल. त्याचे वडील विल्हेल्म म्युलर हे डेसाउचे कवी. आडनाव गिरणीवाला, पण विल्हेल्मचे वडील शिंपी होते. १८१६ साली बर्लिनमधल्या एका घरी तरुण मंडळींनी मिळून गाण्यांचं नाटुकलं रचायचं ठरवलं. त्यात गिरणीवाल्याच्या मुलीवर भाळणारा गिरणीतला पोरगा कोण होणार? अर्थात विल्हेल्म, त्याचं आडनावच ते. त्यातूनच पुढे त्याची गिरणीवाल्याच्या सुंदर मुलीवरची गीतमाला जन्मली आणि शूबर्टने १८२३ साली तिला संगीत देऊन अजरामर केलं. शूबर्ट म्हणजे मुळात जोडे शिवणारा. त्याच वर्षी विल्हेल्मला मुलगा झाला. त्याचं ‘मॅक्स’ हे नाव आलं वेबरच्या ऑपेरातल्या नायकावरून. वेबर म्हणजे विणकर. थोडक्यात, शिंप्याच्या नातवाला विणकराच्या ऑपेरातलं नाव मिळालं, ते गिरणीवाल्याच्या आडनावाआधी लागलं, आणि बापाच्या कवितेला चाल लावली जोडे शिवणाऱ्याने. एवढे बलुतेदार जमले, पण प्रत्यक्ष पीठ कुणीच दळलं नाही.

हा मुलगा इंग्लंडमध्ये विद्वान म्हणून नाव काढू लागला, तेव्हा त्याला जाणवलं की नुसता म्युलर म्हणजे समुद्रातला थेंब. त्याने ‘मॅक्स’ उचलून आडनावालाच जोडून टाकलं. त्याचा मुलगा ब्रिटिश मुत्सद्दी झाला, तो मध्ये संयोगचिन्ह घालून मॅक्स-म्युलर लावत असे. पुणेकरांनी ते चिन्हही काढून टाकलं, एवढंच. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड मॅक्सने १८४९ ते १८७४ या काळात काढले, आणि त्यावर स्वतःचं नाव संस्कृतात दिलं ‘मोक्षमूलरभट्ट’, गाव दिलं ऑक्सफर्डऐवजी ‘गोतीर्थ’. गिरणीवाला थेट मोक्षाच्या मुळाशी जाऊन बसला आणि वर भट्ट झाला! भारतात मात्र तो कधी आला नाही. तरी महाराष्ट्राशी त्याचं देणंघेणं खरं आहे. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत तो होता, आणि आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्याने टिळकांना तुरुंगात पाठवली. १८९८ साली टिळक सुटले. पुढे वेदांतल्या आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेणारा ग्रंथ त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी या देणगीची आठवण ठेवली.

राजकारणी म्युलरांनी वेगळा उपाय काढला : गाव किंवा प्रांत जोडायचा. १९१९ साली व्हर्सायच्या तहावर जर्मनीतर्फे सही करणाऱ्या दोघांपैकी एक हेर्मान म्युलर. पुढे तो दोनदा चॅन्सलर झाला. पण संसदेत इतर म्युलर असल्यामुळे त्याला ‘म्युलर-फ्रांकेन’ म्हणावं लागे. सरकारच्या प्रमुखालासुद्धा ‘कुठले म्युलर?’ हा प्रश्न चुकला नाही. अलीकडच्या काळातही जर्मन संसदेच्या इतिवृत्तात म्युलरांपुढे गाव आलं आहे : म्युलर एर्लांगेनचे, म्युलर ब्राउनश्वाइगचे. म्हणजे आठशे वर्षांनी पुन्हा ‘टेकडीवरचा हाइनरिश’!

दुसरा हेर्मान म्युलर स्वित्झर्लंडच्या थुरगाउ प्रांतातला, वनस्पतिशास्त्रज्ञ. तोही प्रांत जोडून म्युलर-थुरगाउ झाला. १८८२ साली त्याने द्राक्षाची नवी जात काढली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. एकेकाळी जर्मनीत सर्वाधिक लावलं जाणारं द्राक्ष तेच होतं. रिसलिंग आणि सिल्व्हानर या दोन जातींच्या संकरातून ते झालं असं सगळे धरून चालले होते. पुढे जनुकीय तपासणी झाली आणि कळलं, की सिल्व्हानरचा इथे काही संबंध नाही. दुसरंच एक द्राक्ष पालक निघालं. आडनाव म्युलर, वर प्रांताची खूण, तरी कूळ चुकायचं ते चुकलंच.

जोडनावांच्या या हौसेची सर्वांत झकास फिरकी लोरिओ या जर्मन विनोदकाराने घेतली. त्याच्या व्यंगपटात हॉटेलच्या एकाच टबमध्ये दोन सभ्य गृहस्थ बसलेले आहेत, नागवे, आणि कमालीच्या औपचारिकपणे भांडतायत, की टबात पाणी सोडायचं का आणि रबरी बदक घ्यायचं का. त्यांतल्या एकाचं नाव म्युलर-ल्युडेनशाइट. अंगावर कपडा नसला तरी संयोगचिन्ह मात्र जाग्यावर.

एका ठिकाणी मात्र म्युलर म्हटल्यावर कुणी ‘कुठला?’ विचारत नाही, ते म्हणजे फुटबॉल. गेर्ड म्युलरने जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याचाच. त्यानंतर तो लगेच राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. १९७६ साली युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात जर्मनी हरत असताना दुसरा एक म्युलर, डीटर, बदली खेळाडू म्हणून आयुष्यातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला आणि त्याने तीन गोल ठोकले. हा डीटर जन्माने कास्टर होता, म्युलर नंतर झाला. योग्य वेळी योग्य आडनाव घेणं म्हणजे काय, याचा हा धडा. मग आला टोमास म्युलर. मार्च २०१० मध्ये म्युनिकच्या सामन्यानंतर पत्रकार परिषदेत तो कोवळा पोरगा शेजारी दिसल्यावर अर्जेंटिनाचा प्रशिक्षक माराडोना बसायलाच तयार होईना. त्याला तो चेंडू आणून देणारा मुलगा वाटला. जुलैत विश्वचषकात हेच दोन संघ भेटले. तिसऱ्याच मिनिटाला पहिला गोल त्या मुलाने केला, आणि जर्मनी ४-० ने जिंकली. त्याच्या पाठीवर १३ आकडा होता, गेर्डचाच. माराडोनाने एकदा आडनाव विचारलं असतं तर तो वेळीच सावध झाला असता.

नोबेलच्या यादीत मात्र म्युलरांचा गोंधळ आहेच. वैद्यकाचं नोबेल १९४६ साली अमेरिकेच्या हेर्मान जोसेफ म्युलरला, आणि १९४८ साली स्वित्झर्लंडच्या पाउल हेर्मान म्युलरला. पहिल्याने क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे दाखवलं, दुसऱ्याने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. १९८७ साली भौतिकीचं नोबेल कार्ल अलेक्स म्युलरला, २००९ साली साहित्याचं हेर्टा म्युलर यांना. त्या जन्मल्या रुमानियाच्या बनात भागातल्या जर्मन वस्तीत. तिथवर म्युलर पोचले होतेच. या चौघांचं एकमेकांशी काही नातं नाही. जर्मन घरात दही एका म्युलरचं आणि साबण दुसऱ्या म्युलरच्या दुकानातला असतो, त्यांचंही एकमेकांशी नातं नाही. लाखो म्युलरांच्या या कुळाचं वैशिष्ट्यच हे, की ते कूळ नाही. पाटलांच्या घरी पाहुणा आला की निदान भावकी निघते का ते चाचपता येतं. म्युलरला म्युलर भेटला तर दोघांचे पूर्वज एका गावचे असण्याची शक्यता जवळजवळ शून्य, कारण एका गावात दोन गिरणीवाले बहुधा नांदतच नसत.

आणि आता गिरण्याही गेल्या. मोठमोठ्या कारखान्यांनी पीठ दळायला घेतल्यावर गावोगावच्या गिरण्या तोट्यात गेल्या, आणि १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा करून गिरणी बंद करणाऱ्याला भरपाई दिली. हजारो गिरण्यांची चाकं थांबली. १९९४ पासून दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सोमवारी जर्मनीत गिरणी दिन पाळतात. त्या दिवशी जुन्या गिरण्या लोकांना पाहायला उघडतात, आणि तिकडे सहकुटुंब जाणाऱ्यांत म्युलरही असतातच. कित्येक म्युलर तर गिरणी म्हणजे काय असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा बघतात.

तेव्हा ज्यांचं आडनाव दुर्मीळ आहे त्यांनी फार ऐट करू नये. आज गावात तुम्ही एकटेच असाल तर सावध राहा. म्युलरांची सुरुवातही अशीच झाली होती. आणि कधी जर्मनीत जाऊन एखाद्या म्युलरला गाठायचं झालंच, तर त्याचं पहिलं नाव, गाव, रस्ता आणि मजला लिहून घेतल्याशिवाय निघू नका. तिथल्या इमारतींच्या दाराशी घंटीवर बहुधा नुसतं आडनाव लिहिलेलं असतं. एका फलकावर तीन म्युलर निघाले तर खालचं बटण आधी दाबा; निदान चुकलात तर जिने कमी चढावे लागतील.